शकुबाईची नासलेली कढई

शकुबाईकडून अंबाडीचं लोणचं विकत घ्यायचं तर पैसे नंतर, आधी उलटतपासणी. घरात खाणारी माणसं किती? बरणी ठेवणार कुठं? चमचा कोण घालणार, तुम्ही की पोरं? आणि तो पुसून घालणार की नुसता झटकून? नवं गिऱ्हाईक गोंधळतं. आदिलाबादच्या बँकेतले एक साहेब एकदा हसत म्हणाले, "बाई, लोणचं देताय की पोरगी देताय?" शकुबाई हसली नाही. "पोरीले तरास झाला तं ते फोन करून सांगते. लोनचं कोनाले सांगंन?" असं म्हणून तिनं बरणी कागदात गुंडाळली आणि त्यांच्या हातात ठेवली. साहेब आता दर हंगामात येतात आणि विचारायच्या आधीच चमच्याचा हिशेब देऊन मोकळे होतात.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळचं हे गाव महाराष्ट्राच्या हद्दीला इतकं चिकटलेलं आहे, की घरात मोबाइल तेलंगणाचा टॉवर पकडतो आणि परसात गेलं की महाराष्ट्राचा. चारी बाजूंनी कपाशी. शकुबाईच्या घरची जमीन थोडी, तीत भाजीपाला. तो भाजीपाला तिचा मुलगा भूषण पहाटे मोटरसायकलवर बांधून आदिलाबादच्या मार्केटात नेतो. शेतात काय लावायचं ते तिचे यजमान अमृतराव ठरवतात. पण घरामागचा परसाचा तुकडा मात्र शकुबाईचा. तिथं लाल देठाच्या अंबाडीच्या ओळी, कडेनं मिरची, विहिरीच्या बाजूला लसूण, कोपऱ्यात लिंबू आणि कढीपत्ता. अमृतरावांना तिथं पाणी सोडायची परवानगी आहे, सल्ला द्यायची नाही. दिला तरी ती ऐकत नाही, हे त्यांनी लग्नानंतर लवकरच ओळखलं आणि तेव्हापासून संसार सुखाचा झाला.

विकायला सुरुवात झाली ती शाळेतल्या एका तेलुगू मास्तरीणबाईमुळं. त्या लोकांत अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. शकुबाईच्या हातचं लोणचं त्यांच्या पद्धतीचं नव्हतं. लसूण सढळ, मेथी थोडी कडवटपणाकडं झुकलेली, तिखट मात्र घरच्या मिरचीचं. मास्तरीणबाईंनी भाताबरोबर एक घास घेतला, डोळे मिटले, आणि "चाला बागुंदी" म्हणाल्या. शकुबाईला तेलुगू येत नाही, पण डोळे मिटलेले कळले. मग शाळेतून तहसिलीत, तहसिलीतून बँकेत, बँकेतून आदिलाबादच्या कॉलनीत, असं लोणचं माणसांच्या पिशव्यांतून फिरत गेलं.

पुढं भूषणचं लग्न झालं आणि बोथची सपना सून म्हणून आली. बोथ मोठं गाव, रस्त्यावरचं, तिथं दुकानदारी बघत वाढलेली पोर. तिनं आल्या आल्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. परसातली अंबाडी खुडली की ग्रुपवर फोटो, कढई चढली की फोटो, बरण्या भरल्या की फोटो. संध्याकाळपर्यंत सगळ्या बरण्या बोलल्या गेलेल्या असायच्या. "मी येवढी वरसं तोंडानं सांगून राह्यली, अन् हे पोट्टी बोटानं सांगते," शकुबाई गावभर सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते ऐकणाऱ्याला कळायचं.

एक मात्र तिनं सुनेलाही बदलू दिलं नाही. एका वेळी एकच कढई. परस देईल तेवढी पानं, कढईत मावेल तेवढं लोणचं. आदिलाबादचा एक दुकानदार गाडी घेऊन दारात आला होता. "अम्मा, हर महिने पांच सौ बरनी दे दो, लेबल हम लगाते," म्हणाला. शकुबाईनं त्याला आत नेऊन कढई दाखवली. "मेरी कढई येवढी है. इसके ऊपर का मेरे को नहीं आता." तो म्हणाला, मोठी कढई घेऊन देतो. ती म्हणाली, "मंग वो कढई का लोनचं तुमारा होयगा, मेरा नहीं." त्याला चहा पाजून तिनं वाटेला लावलं. तिची हिंदी गल्लीत टिंगलीचा विषय आहे, पण त्या दिवशी तो दुकानदार हसला नाही.

तर अशी ही बाई. हाताला चव आहे आणि मनाला संशय नाही. आणि लोणच्याच्या बाबतीत तिचे नियम पक्के. पानं तीन पाण्यांनी धुवायची, सावलीत जुन्या लुगड्यावर पसरायची. सुकली की नाही ते बोटांनी नाही, गालानं बघायचं. पान गालाला लावलं आणि गार लागलं, तर त्यात अजून पाणी आहे. तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचं. बरणी उन्हात तापलेली. बरणीच्या तोंडाला फडकं, ते घट्ट. आणि शेवटचा नियम, जो तिच्या लेखी सगळ्यांत वरचा: अडचणीतल्या बाईनं लोणच्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. चार दिवस स्वयंपाक करा, भाकरी थापा, तिथं तिचं म्हणणं नव्हतं. काळ बदललाय, हे तिलाही दिसत होतं. पण लोणचं म्हणजे लोणचं. अडचणीतल्या हातानं बरणी नासते, ही तिच्यासाठी समजूत नव्हती, माहिती होती. सपनाच्या महिन्याच्या तारखा तिला तोंडपाठ, आणि कढई कधी चढवायची ते त्या तारखा बघून ठरायचं.

भाद्रपदातली गोष्ट. अंबाडी जोरात होती. पानं खुडायला आणि लसूण सोलायला शेजारची प्रणिता यायची. प्रणिता म्हणजे द्वारकाबाईची सून. द्वारकाबाई आणि शकुबाई एकाच वर्षी नवरी होऊन या गल्लीत आल्या, तेव्हापासूनचं त्यांचं घरोब्याचं नातं. प्रणिताचं लग्न गेल्या उन्हाळ्यातलं. अबोल पोर, हात मात्र चपळ. शकुबाई तिला रोजंदारी देत होती आणि त्या पैशांतून प्रणिता स्वतःसाठी शिलाई मशीन घ्यायचं ठरवत होती. सासूला तिनं ते अजून सांगितलं नव्हतं, शकुबाईला सांगितलं होतं.

पानं धुवून ओसरीत बाजांवर पसरली. आभाळ दिवसभर कोंदलेलं. संध्याकाळी शकुबाईनं पान उचलून गालाला लावलं. किंचित गार लागलं. एरवी तिनं दुसरा दिवस जाऊ दिला असता. पण सपनाची तारीख दुसऱ्याच दिवशीची. ती एकदा बाहेर बसली, की कढई उतरवायला दुसरे हात नाहीत, भूषण मार्केटात, आणि पानं तोवर काळी पडायची. "आचेवर उडून जाते येवढी ओल," शकुबाई म्हणाली आणि तिनं चूल पेटवली. सपनानं एकदा सासूकडं बघितलं आणि कढई पुढं केली. लोणचं झालं, गार झालं, मोठ्या बरणीत गेलं. तोंडाला फडकं प्रणितानं बांधलं. मुरल्यावर काही लोणचं काचेच्या बरण्यांत भरून गिऱ्हाइकांकडं रवाना झालं.

पहिला फोन आदिलाबादच्या वच्छलाबाईंचा. निवृत्त मुख्याध्यापिका, शकुबाईच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक. "शकुबाई, रागावू नका हं," त्या म्हणाल्या, "पण बरणी उघडली तर वर पांढरं पांढरं दिसतंय." शकुबाई रागावली नाही, कारण तिला आधी ते खरंच वाटलं नाही. मग तिनं खोलीत जाऊन मोठ्या बरणीचं फडकं सोडलं. तेलावर पांढुरकी बुरशी धरली होती. कडेला जरा दाट, मध्ये ठिपके. वासही उतरला होता. ती तिथंच खाली बसली. इतक्या वर्षांत तिची एक बरणी परत आली नव्हती. आता अख्खी कढई परत येणार होती, आणि ती कुठल्या एका दुकानातून नाही, ओळखीच्या घराघरांतून येणार होती. तिचं नावच पणाला लागलं होतं.

सपनाला विचारायचं कारण नव्हतं. तिची तारीख कढईनंतरची. राहिली प्रणिता. शकुबाईनं तिला परसात बोलावून सरळ विचारलं, "त्या दिवशी फडकं तू बांधलं. तुले अडचण होती काय?"

प्रणितानं मान खाली घातली. "तवा मालूम नवतं, मावशी. घरी गेल्यावर समजलं."

दुसरी एखादी असती तर नाही म्हणून सुटली असती. ही खरं बोलली.

"उद्यापासून येऊ नोको," शकुबाई म्हणाली. ओरडली नाही, पण तिचा आवाज मुळातच गल्लीभर जाणारा आहे. कुंपणापलीकडं द्वारकाबाईनं ऐकलं आणि मग पलीकडून सुनेला जे बोलणं सुरू झालं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. सपना पाण्याच्या टाकीजवळ भांडी घासत होती. ती घासलेलंच भांडं पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शकुबाई ओसरीत बसली. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं होतं की झाकायचं काही नाही. खराब माल दिला तर तोंडानं सांगायचं, बदलून द्यायचं. "सपना, फोन घे," तिनं सांगितलं. "ग्रुपवर लिही. यावेळची कढई नासली. कोनी खाऊ नका. बरनी वापस द्या, नवी भेटंन."

सपनानं लिहिलं.

"अन् लिही, काऊन नासली ते. लोकायले खरं सांगावं लागते. लिही, कामाच्या पोरीले अडचण होती, तिनं हात लावला."

सपनाचं बोट थांबलं.

"लिही ना."

"नाई लिहीत, आत्याबाई."

शकुबाईनं मान वर केली. सून नाही म्हणाली, हे तिला प्रथम नीट ऐकूच आलं नाही. पलीकडं बाजेवर अमृतराव डोळ्यांवर उपरणं घेऊन पडले होते. त्यांनी ते उपरणं तसूभर खाली केलं.

"मी लिहीत नाई," सपना म्हणाली. तिनं फोन खाली ठेवला. "प्रनिताले रात्री समजलं. मले सकाळपासून होती."

"काय होती?"

"अडचण. त्याच दिवशी. कढई मी परतली, तिखट मी घातलं, बरनी मी भरली."

"तुई तारीख तं दुसऱ्या दिवशीची!"

"ते तारीख तुमच्यासाठी होती." आता सुरू झालंच होतं, तर सपनानं सगळं सांगून टाकलं. "मी आली त्या वर्षी दोन डाव कढई थांबली माझ्यापायी. पानं फेकली तुमी. गिऱ्हाईक वाट पाहून राह्यले होते. मंग मी ठरवलं. कढई नसंन तवा सांगायचं, बाहेर बसली म्हनून. अन् खरीखुरी असली तवा चूप राहायचं. तीन वर्सं झाली, आत्याबाई. अर्ध्या कढया माझ्या त्याच हातच्या हायेत."

शकुबाई एकेक बरणी आठवत गेली. वच्छलाबाईंच्या लेकीच्या डोहाळजेवणाला गेलेली. बँकेतल्या साहेबांची. नवरात्रात देवीच्या भंडाऱ्याला तिनं स्वतः उचलून दिलेली मोठी. भावाला राखीला नेलेली. तिला आधी संताप आला, आणि तो सुनेचा होता. मग लाज वाटली. मग तिला असं वाटलं, की या घरात तिला सोडून सगळ्यांना सगळं माहीत आहे.

"अन् त्यातली एक तरी नासली?" सपनानं विचारलं. "तुमीच सांगा. एक तरी वापस आली?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

बाजेवरून अमृतराव म्हणाले, "मी तं रोजच खातो बापा. मले काई झालं नाई."

"तुमाले कोनं इचारलं?" शकुबाई खेकसली, आणि ते पुन्हा उपरण्याआड गेले.

ती उठली आणि परसात जाऊन अंबाडीच्या ओळींमध्ये उभी राहिली. आता इथं एखादी रुसून बसली असती, माहेरी निघून गेली असती, सुनेशी महिनाभर बोलली नसती. शकुबाईलाही तशी इच्छा झाली. खोटं कशाला बोलायचं. पण तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी अडकलं होतं. लोणचं नासलं होतं. ते आपोआप नासत नाही. सपनाच्या हातानं नासत नाही हे तीन वर्षांच्या बरण्यांनी सांगितलं, आणि सपनाच्या हातानं नासत नसेल तर प्रणितानं फडकं बांधल्यानं नासेल कसं? मग नासलं कशानं? हा प्रश्न तिला रुसू देईना.

"सपना!" तिनं हाक मारली. सपना घाबरत बाहेर आली. "मंग हे कढई काऊन नासली?"

शकुबाई बोटांवर एकेक मोजू लागली.

"तेल?"

"तेच, नेहमीचं."

"बरनी?"

"तापवली होती. मी सोता आदल्या दिवशीच्या उन्हात ठेवली होती."

"मीठ?"

"तुमीच घातलं. हात तुमचा." सपनानं शेजारचं एक पान खुडलं. "पानं, आत्याबाई. पानं ओली होती."

शकुबाईला आपला गाल आठवला. किंचित गार. तिनं नकळत गालावर हात फिरवला. पान गार लागलं होतं आणि तिला ते कळलं होतं. कळूनही तिनं चूल पेटवली होती. असं तिनं जन्मात कधी केलं नव्हतं.

"मंग तू बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? घाई करू नका, मी उद्या बाहेर बसत नाई, असं बोलू?" सपनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी माझ्या तारखेपायी घाई केली. अन् ते तारीखच खोटी होती."

जो नियम लोणचं वाचवायला केला होता, त्याच नियमापायी ओली पानं कढईत गेली होती. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला हसू फुटलं. हसू तसं चांगलं नव्हतं, त्यात रडू होतं, पण एकदा फुटलं ते आवरेना. सपनाला वाटलं, सासूच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिलाही हसू आलं. अंबाडीत उभ्या राहून दोघी हसत होत्या आणि ओसरीत अमृतराव उठून बसले होते, काय झालं ते विचारायची हिंमत त्यांना होत नव्हती.

"फोन आन," शकुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "लिही. कढई नासली. पानं ओली होती, सुकायच्या आधी घातली. चूक शकुबाईची. बरन्या वापस द्या."

"तुमचं नाव लिहू?"

"मंग कोनाचं लिहितं? लोनचं माझ्या नावानं विकते, तं नासलं बी माझ्याच नावानं." तिनं बोटानं फोनवर ठकठक केलं. "अन् एक फोटो टाक परसाचा. अंबाडी अजून लय हाये म्हनावं."

ग्रुपवर ते गेलं आणि लगेच वच्छलाबाईंचं उत्तर आलं, "पुढच्या कढईची एक बरणी माझी." मग बाकीच्यांची सुरू झाली. सपना वाचून दाखवत होती, पण शकुबाईचं लक्ष नव्हतं. तिनं चपला घातल्या होत्या.

"कुठं निघाल्या?"

"पोरीले आनाले."

द्वारकाबाईच्या अंगणात प्रणिता सुपात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. शकुबाईला बघून तिनं मान खाली घातली. द्वारकाबाई आतून लगबगीनं आली. तिच्या तोंडावर अपराध्याचा भाव होता, जणू माल तिच्या घरचाच खराब निघाला.

"शकू, मी बोलली तिले. लय बोलली. अशी पोर—"

"पोरीले उद्यापासून धाड," शकुबाई म्हणाली. "रोज धाड. अडचण असो का नसो."

द्वारकाबाईला काही कळेना. "म्हंजे?"

"लोनचं तिनं नासवलं नाई. मी नासवलं. ओली पानं घातली मी. बाईच्या अडचणीनं लोनचं नासत नाई, द्वारके."

"काई तरी बोलतं!" द्वारकाबाई आता खरंच चिडली. "नासत नाई कसं? तू सांगतं हे? तूच? अवं, तुह्या सासूच्या आंब्याच्या लोनच्याची बरनी इसरली काय तू? अख्ख्या गल्लीनं पायलं होतं. मी इथंच उभी होती, ह्याच दारात."

शकुबाई विसरली नव्हती. लग्नाला वर्ष झालं होतं तिच्या. नणंदेच्या लग्नासाठी सासूनं आंब्याचं लोणचं घातलं होतं, आणि बरणी शकूनं उचलून फळीवर ठेवली होती. अडचण आहे हे सांगायची तिला लाज वाटली होती, म्हणून ती बोलली नव्हती. लग्नाच्या तोंडावर बरणी उघडली, तर लोणचं नासलेलं. सासूनं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि ती चिनीमातीची बरणी गल्लीच्या मध्यावर आणून फोडली, सगळ्यांना दिसावी म्हणून. तुकडे शकूनंच वेचले. नंतर कितीतरी वर्षं गल्लीत कुणाचं लोणचं बिघडलं, की बायका आधी विचारायच्या, अमृतच्या बायकोनं हात तर नाही लावला? सासू गेल्यावर लोणचं शकुबाईच्या हाती आलं, तेव्हा तिनं नियम सासूपेक्षा कडक केला. आपल्या हातानं घात होतो, हे तिला पक्कं माहीत होतं. ते तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. त्यातूनच तिचा सगळा काटेकोरपणा आला होता, ते गालाला पान लावणं आणि गिऱ्हाइकाला चमच्यावरून छळणंसुद्धा.

ती अंगणातच उभी होती. प्रणितानं सूप खाली ठेवलं. सपना मागून येऊन फाटकाशी थांबली होती.

"द्वारके," शकुबाई म्हणाली, आणि एवढ्या गल्लीच्या आवाजाची बाई, पण तिचा आवाज एखाद्या पोरीसारखा निघाला. "ते बी मी नासवली नवती."

द्वारकाबाई बघतच राहिली.

"ते बी मी नासवली नवती!" शकुबाई पुन्हा म्हणाली, आणि या वेळी समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. शकुबाईनं तिच्याकडंही बघितलं आणि तिलाही सांगितलं. "बरनी मी नासवली नवती!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. एकोणीस वर्षांच्या त्या पोरीनं गल्लीत वाकून वेचलेले सगळे तुकडे त्या क्षणी तिच्या हातातून खाली पडले असावेत.

प्रणितानं बिचकत विचारलं, "मंग कोनं नासवली होती, मावशी?"

"मले काय मालूम?" शकुबाईनं तिचा हात धरून तिला उठवलं. "आंबे ओले असतीन. नाई तं मीठ कमी पडलं असंन सासूचं. मी नाई, येवढं मालूम हाये."